'डॉक्टर हू'चे आरंभीचे भाग : दोन शिक्षकांची कथा

विज्ञानकथा म्हटली की अंतराळयान, यंत्रमानव आणि परग्रहावरची लढाई एवढेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या मालिकेकडेही बहुतेक जण असेच पाहतात. तिचे आरंभीचे कृष्णधवल भाग संथ आणि तकलादू नेपथ्याचे होते, खरा रंग भरला तो 'डॅलेक' हे यंत्राच्या कवचातले क्रूर जीव आल्यावर, असा समज रूढ आहे. आम्हांला तो मान्य नाही. या भागांचा गाभा यानातही नाही आणि डॅलेकांतही नाही. तो दोन शिक्षकांत आहे.

लंडनच्या कोल हिल शाळेत इयान चेस्टरटन विज्ञान शिकवतो, तर बार्बरा राइट इतिहास. सुझन ही त्यांची विलक्षण हुशार विद्यार्थिनी. पण एका पौंडात किती शिलिंग, एवढे साधे उत्तर तिला येत नाही. इंग्लंडात दशमान नाणी सुरू झाली असावीत, असे तिला वाटते. (ती प्रत्यक्षात १९७१ साली आली!) मुलीच्या काळजीने दोघे तिच्या पत्त्यावर जातात, तर तिथे भंगाराचे आवार आणि पोलिसांची टेलिफोन-पेटी. ही पेटी म्हणजेच कालयान. सुझनचा आजोबा, म्हणजे डॉक्टर, गुपित फुटेल या भीतीने या दोघांना जबरदस्तीने सोबत नेतो.

वाचकहो, हा डॉक्टर पुढे जगाचा तारणहार झाला. आरंभी तो तसा नव्हता. अश्मयुगात पाठलाग चालू असताना वाटेत एक जखमी माणूस पडलेला असतो. डॉक्टर हातात दगड घेतो, आणि इयान त्याचा हात धरतो. विश्वाचे ज्ञान डॉक्टरकडे आहे, पण माणुसकीचा पहिला धडा त्याला शाळेतला मास्तर देतो. त्याच कथेत इयान टोळीतल्या माणसाला सांगतो की, आमच्या टोळीत आग पेटवणाऱ्याला फारसा मान नाही, कारण आग सगळ्यांनाच पेटवता येते. विद्या सर्वांची झाली की तिच्या जोरावर कोणी मालक होऊ शकत नाही! तालीम कशासाठी, या प्रश्नाचे याहून सोपे उत्तर आमच्या पाहण्यात नाही.

ही पहिली कथा दिग्दर्शित केली ती वारिस हुसेन या चोवीस वर्षांच्या तरुणाने. १९३८ साली लखनौला जन्मलेला, लेखिका अतिया हुसेन यांचा हा मुलगा १९४६ साली इंग्लंडला गेला आणि केंब्रिजला शिकला. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्टही तिशीच्या आतलीच होती. १९६४ साली हुसेन यांनी 'मार्को पोलो' या कथेच्या सातपैकी सहा भागांचे दिग्दर्शन केले. बीबीसीने त्या काळी जुन्या फिती पुसून टाकल्या. त्यामुळे या कथेचा आवाज उरला आहे आणि चलचित्र हरवले आहे. मात्र आपल्या मातीतले नाव दिसले म्हणून दोष झाकणे ही समीक्षा नव्हे. कुबलाई खानाच्या दरबारातली बहुतेक आशियाई पात्रे गोऱ्या नटांनी रंग फासून उभी केली आहेत आणि तेगाना हा मंगोल सरदार सरळसरळ खलनायक आहे. ही त्या काळाची मर्यादा होती, पण ती मर्यादाच होती.

डॅलेकांच्या कथेतही आमचे लक्ष इयानकडेच जाते. आपल्या वंशाहून वेगळा असेल त्याला नष्ट करायचे, हा डॅलेकांचा धर्म. हिटलरची आठवण करून देणारा. समोर युद्धाचा त्याग केलेले थाल लोक आहेत. त्यांनी लढावे असे डॉक्टरला वाटते, कारण यानाचा एक महत्त्वाचा भाग शत्रूकडे अडकला आहे. आपल्या गरजेसाठी दुसऱ्यांना मरायला पाठवण्याचा आपल्याला काय हक्क, असे इयान विचारतो. आणि शेवटी तोच त्यांना डिवचून लढाईला उभे करतो. हा प्रश्न कथेने अर्धवट सोडला, असे आमचे मत आहे.

या सगळ्यांत श्रेष्ठ कथा मे-जून १९६४ मधली 'द ॲझटेक्स'. बार्बराला ॲझटेक लोक देवपदाला पोचलेल्या एका पुरोहिताचा अवतार समजतात. नरबळी बंद केला तर ही संस्कृती वाचेल, असे तिला वाटते आणि ती तसा हुकूम देते. पण ज्याला वाचवायचे तोच माणूस तो आपला अपमान समजतो आणि उडी मारून जीव देतो. उसन्या देवत्वाच्या बळावर दिलेला हुकूम कोणाच्याच मनापर्यंत पोचत नाही. बळी थांबत नाहीत. बदलतो तो एकटा ऑटलॉक, ज्ञानाचा पुरोहित. तोही तिला देवीच मानत होता, हे खरे. परंतु त्याच्याशी ती बोलली होती, वाद घातला होता. तो मानमरातब सोडून सत्याच्या शोधात निघून जातो. साऱ्या समाजापुढे हरलीस, पण एका माणसाला मदत केलीस, अशा आशयाचा दिलासा बार्बराला डॉक्टर देतो. दगड उचलणारा डॉक्टर आता असे बोलतो, हेही त्या दोघांच्याच सहवासाचे फळ.

एका माणसावर समाधान मानावे का? आम्ही शिकवणारी माणसे या प्रश्नाचे सोपे उत्तर देऊ शकत नाही. साठ मुलांच्या वर्गातून एक जण विचार करू लागला म्हणून उरलेल्या एकोणसाठांची जबाबदारी संपत नाही. परंतु हुकमाने माणूस बदलत नाही, संवादाने कधीतरी बदलतो, हे या जुन्या भागांनी मुलांच्या करमणुकीच्या वेळेत सांगितले. पुढच्या काळात यान चकचकीत झाले, राक्षस वाढले. पण शनिवारच्या संध्याकाळी दोन साध्या शिक्षकांना मालिकेच्या केंद्रस्थानी बसवण्याचे धाडस त्या पहिल्या वर्षाचे होते, आणि त्याचे श्रेय त्यालाच दिले पाहिजे.