मेघांचे प्राचलीकरण : गृहीतक आणि मर्यादा

संख्यात्मक हवामान-प्रारूपात वातावरणाची विभागणी जाळीच्या चौकोनांत केलेली असते. चौकोनाहून लहान मेघांचा एकत्रित परिणाम त्या चौकोनाच्या सरासरी तापमान व आर्द्रतेवरून अनुमानाने काढावा लागतो. यालाच प्राचलीकरण म्हणतात. अराकावा व शुबर्ट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एका चौकोनात अनेक मेघ असतात व ते भोवतालच्या संथ बदलांशी त्वरित समतोल साधतात, असे गृहीत धरले आहे. शंभर किलोमीटरच्या चौकोनास हे गृहीतक शोभते. परंतु २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, तर वीस-पंचवीस किलोमीटरवरील कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर पाऊस झाला. अशी तफावत विरळ जाळीत हरवते.

जाळी बारीक करणे हा उपाय आवश्यक असला तरी पुरेसा नाही. मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ची जाळी ६ किलोमीटरची आहे. एवढ्या चौकोनात एखादाच मोठा मेघ मावतो. त्याची सरासरी अर्थपूर्ण ठरत नाही आणि त्याची अंतर्गत हालचालही पुरती उमटत नाही. म्हणून संगणकाच्या क्षमतेबरोबर मूळ गृहीतकाचीही फेरतपासणी होणे अगत्याचे आहे.