पदत्यागाचें कारण

११ फेब्रुवारी २०१३ रोजीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं कार्डिनलांच्या सभेंत लॅटिन भाषेंत एक लहानसें निवेदन वाचून दाखविलें. आपलें वय झालें, शक्ति ओसरली, हा भार आतां आपल्यानें वाहवत नाहीं. तरी २८ फेब्रुवारीच्या रात्रीं आठ वाजल्यापासून आपलें आसन रिकामें समजावें, एवढाच त्याचा आशय होता. एका इटालियन वार्ताहर बाईंना लॅटिन समजत होतें म्हणून ही बातमी तत्काळ जगाला कळली. निवेदनांतील कारण मात्र पुष्कळांना पटलें नाहीं.

न पटण्यास आधारही होता. मे २०१२ मध्यें पोपचा खासगी सेवक पाओलो गाब्रिएले याला अटक झाली. पोपच्या दफ्तरांतील कागद त्यानें बाहेर दिले होते आणि ते एका पत्रकाराच्या पुस्तकांत छापून आले होते. तीन वृद्ध कार्डिनलांनीं चौकशी करून गुप्त अहवाल सादर केला. याहून गंभीर गोष्ट म्हणजे, पाद्र्यांनीं मुलांवर केलेले अत्याचार आणि वरिष्ठांनीं त्यांवर घातलेलें पांघरूण यांच्या हकीकती आयर्लंड, अमेरिका, जर्मनी येथून वर्षानुवर्षें बाहेर येत होत्या. अशा वेळीं 'थकलों' एवढेंच उत्तर लोकांना अपुरें वाटलें तर त्यांत नवल तें काय?

पोपच्या पदत्यागावर तर्क लढविण्याची ही हौस आजची नव्हे. पांचवे सेलेस्टीन हे मूळचे अरण्यवासी तपस्वी. त्यांनीं १३ डिसेंबर १२९४ रोजीं, अवघ्या पांच महिन्यांत, पद सोडलें. दांतेनें नरकाच्या उंबरठ्याशीं एक निनांवी छाया उभी केली आहे. भ्याडपणानें पाठ फिरविणारी ती व्यक्ति म्हणजे सेलेस्टीनच, असें बहुतेक जुने टीकाकार समजतात. दांतेचा राग समजण्यासारखा आहे. सेलेस्टीननंतर आठवे बोनिफेस आले, आणि त्यांच्या राजकारणापायीं दांतेला जन्मभूमि अंतरली. पेत्रार्क स्वतः एकांताचा भोक्ता. त्याला हाच त्याग स्तुत्य वाटला. सिलोने कम्युनिस्ट पक्षांतून बाहेर पडलेला. त्यानें १९६८ सालच्या आपल्या नाटकांत सेलेस्टीनला सत्तेपुढें आपला विवेक न विकणारा गरीब ख्रिस्ती म्हणून रंगविलें. तिघांनींही सेलेस्टीनचें मन वाचलें असें म्हणण्यापेक्षां आपलें मन त्याच्या ठिकाणीं लिहिलें असें म्हणणें अधिक सयुक्तिक होईल.

बेनेडिक्टच्या वांट्याला अँथनी मॅकार्टन आले. त्यांनीं लिहिलेला आणि फेर्नांदो मेरेलेस यांनीं दिग्दर्शित केलेला 'द टू पोप्स' हा चित्रपट २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. बेनेडिक्ट आणि त्यांचे भावी वारस बेर्गोलियो यांच्यांतील दीर्घ संवाद हा त्याचा गाभा, आणि ते संवाद बहुतांशीं कल्पित आहेत. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. नाटककाराला तेवढी मोकळीक हवीच. बेनेडिक्टला ईश्वराचा आवाज ऐकूं येईनासा झाला आणि बेर्गोलियोंच्या रूपानें योग्य वारस दिसला, म्हणून ते गेले, हा लेखकाचा तर्क. अँथनी हॉपकिन्स यांच्या अभिनयानें तो खराही वाटतो.

आमची तक्रार एकाच प्रसंगाबद्दल आहे. बेनेडिक्ट बेर्गोलियोंपुढें पापनिवेदन करतात. बोलणें मार्सिअल मासिएलवर येतें, आणि त्याच क्षणीं शब्द ऐकूं येईनासे होतात. हा मासिएल एका बलाढ्य धर्मसंस्थेचा संस्थापक. त्याच्या जुन्या शिष्यांनीं त्याच्या लैंगिक अत्याचारांची तक्रार १९९८ सालीं रोमकडे नेली होती. मे २००६ मध्यें, बेनेडिक्टच्या कारकीर्दींत, त्याला रीतसर खटल्याविना एकांतांत प्रार्थना व प्रायश्चित्त करण्यास सांगण्यांत आलें. पापनिवेदन गुप्त राखावयाचें असतें, असें समर्थन कोणी करील. परंतु ह्याच चित्रपटांत अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटींतील बेर्गोलियोंच्या वर्तनाचा हिशेब सविस्तर, स्पष्ट शब्दांत आणि जुन्या प्रसंगांच्या दृश्यांसह मांडला आहे. तेथें गुप्ततेची आठवण झाली नाहीं. ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांचा विषय निघतांच तेवढी झाली. 

आतां खुद्द बेनेडिक्ट काय म्हणत होते? पेटर झेवाल्ड यांच्याशीं झालेल्या २०१० च्या ग्रंथरूप संभाषणांतच त्यांनीं सांगितलें होतें कीं शरीर व बुद्धि चालेनाशी झाली तर पोपला पद सोडण्याचा अधिकार आहे, पण संकट ऐन भरांत असतां पळून जातां कामा नये. २०१६ मध्यें त्यांनीं दडपणाचा आरोप नाकारला. कोणी दडपण आणलें असतें तर आपण गेलोंच नसतों, असा त्यांचा युक्तिवाद. म्हणजे लोक ज्या बदनामीला कारण समजत होते, ती त्यांच्या हिशेबीं राहण्याचें कारण होती! मृत्यूपूर्वीं दोन महिने लिहिलेल्या एका पत्रांत त्यांनीं निद्रानाश हें मुख्य कारण सांगितलें. ऑगस्ट २००५ पासून झोप उडालेली; झोपेचीं औषधें घ्यावीं लागत; मार्च २०१२ च्या मेक्सिकोच्या प्रवासांत रात्रीं पडून डोक्याला जखम झाली. जुलै २०१३ मध्यें रिओ येथें तरुणांचा मेळावा भरावयाचा होता; तेथपर्यंतचा प्रवास आपल्यानें होणार नाहीं हें त्यांनीं ओळखलें.

मला हें कारण खरें वाटतें. नाटककारांना तें उपयोगी नाहीं, कारण निद्रानाशाला प्रतिपक्ष नसतो. परंतु तें खरें मानल्यानें बेनेडिक्ट निर्दोष ठरतात असें मात्र नव्हे. पद कां सोडलें या प्रश्नाभोंवतीं इतकी शाई सांडली कीं पदावर असतां काय केलें हा प्रश्न बाजूस पडला. जानेवारी २०२२ मध्यें म्यूनिकच्या धर्मप्रांताचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. १९७७ ते १९८२ या काळांत बेनेडिक्ट तेथें आर्चबिशप होते, आणि त्या अवधींतील चार प्रकरणांत त्यांनीं कर्तव्य बजावलें नाहीं असा ठपका अहवालांत होता. १९८० सालच्या एका बैठकीला आपण हजर नव्हतों, असें त्यांच्या वतीनें दिलेल्या उत्तरांत म्हटलें होतें. कांहीं दिवसांतच, आपण हजर होतों, ती संपादनांतील चूक होती, असा खुलासा करावा लागला. फेब्रुवारींत त्यांनीं पत्र लिहून अत्याचारपीडितांची क्षमा मागितली. त्याच पत्रासोबत त्यांच्या सल्लागारांनीं एकूण एक आरोप नाकारणारें टिपण जोडलें. मॅकार्टन यांच्यासारख्या कसलेल्या लेखकानें हात घालावा असा विषय तेथें, त्या दोन कागदांत आहे.