‘विनासायास’ : एका शब्दाचें परीक्षण

आहारावरील पुस्तक वाङ्मयाच्या मासिकानें परीक्षणास घ्यावें कीं नाहीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. परंतु जें पुस्तक मराठी मध्यमवर्गाच्या घरोघरीं शिरलें, ज्यानें अनेकांच्या जेवणाच्या वेळा बदलल्या, ज्यावरून लग्नाच्या पंगतींत वाद रंगले, आणि ज्याच्या नांवांतील एका शब्दानें कितीएक स्थूल माणसांस आशा लावली, त्याची दखल न घेणें हा समीक्षेचाच आळस होईल. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचें ‘विनासायास वेटलॉस’ हें तें पुस्तक. त्यांतील वैद्यकाचा अंतिम निर्णय वैद्यांनीं करावा. आम्हांस पाहावयाचें आहे तें इतकेंच, कीं नांवांतच वाचकाला जो शब्द दिला आहे, तो पुस्तक पाळतें कीं नाहीं.

प्रथम विषयाची ओळख. नागपूरकडील बहुश्रुत राजकारणी डॉ. श्रीकांत जिचकार हे आहाराविषयीं व्याख्यानें देत असत. २००४ सालीं त्यांचें अपघाती निधन झालें. त्यांच्या विचारांचा धागा डॉ. दीक्षितांनीं उचलला. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केलेल्या या गृहस्थांनीं प्रयोग आधीं स्वतःवर केला, आणि मग गांवोगांव हिंडून तो लोकांस सांगितला. सांगणें अगदीं थोडें आहे. दिवसांतून खरी भूक ज्या दोन वेळां लागते त्या ओळखाव्या; त्या दोन वेळींच जेवावें; प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आंत संपवावें; मध्यंतरीं पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा अशा मोजक्या पेयांवर भागवावें; आणि रोज ४५ मिनिटें चालावें. यामागील उपपत्ति अशी, कीं प्रत्येक खाण्याबरोबर रक्तांत इन्शुलिन वाढतें, आणि तें वाढलेलें असतां शरीर सांठविलेली चरबी खर्चावयास काढीत नाहीं.

या पुस्तकाचा पहिला गुण म्हणजे त्याची भाषा. ती व्याख्यानाची भाषा आहे. तींत अलंकार नाहींत, पांडित्याचा डौल नाहीं. तिचा नियम एका श्वासांत सांगतां येतो आणि एकदां ऐकला कीं लक्षांत राहतो. उष्मांकांचें कोष्टक नाहीं, तराजू नाहीं, परदेशी फळ नाहीं, डब्यांतील भुकटी नाहीं. जो नियम आजोबा नातवाला आणि शेजारीण शेजारणीला तोंडीं सांगूं शकते, तो छापील कागदापेक्षां दूर जातो. दुसरा गुण स्वस्तपणाचा. वजन उतरविण्याच्या नांवाखालीं आज जो मोठा व्यापार चालतो, त्यांत ‘विकत कांहींच घेऊं नका’ असें सांगणारा माणूस विरळा. या दोन गुणांकरितां डॉ. दीक्षितांचें ऋण मान्य केलें पाहिजे.

त्यांच्या विरुद्ध बाजूला लोकांनीं श्रीमती ऋजुता दिवेकर यांस उभें केलें. त्यांचें पहिलें गाजलेलें इंग्रजी पुस्तक २००९ सालचें. थोडें थोडें आणि वेळचेवेळीं खावें, आपल्या मुलखांत पिकणारें खावें, तुपाला भिऊं नये, असा त्यांचा उपदेश. २०१८ च्या सुमारास ‘दीक्षित कीं दिवेकर’ हा वाद नाटकाच्या दोन पक्षांप्रमाणें रंगला. आमच्या मतें या वादांत दोघांतील साम्यच झांकलें गेलें. दोघेही खाणाऱ्यास घरच्या अन्नाकडे परत नेतात, आणि दोघांचाही रोख कारखान्यांतून येणाऱ्या खाऊच्या पुड्यांवर आहे. राहिला प्रश्न वेळांच्या संख्येचा. प्राग येथें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ५४ मधुमेही रुग्णांस बारा आठवडे दोन वेळां व बारा आठवडे सहा वेळां, परंतु तितकेच उष्मांक, खावयास दिले. दोन वेळांच्या काळांत वजन अधिक उतरलें. हा पुरावा डॉ. दीक्षितांच्या बाजूचा. उलट चीनमधील १३९ स्थूल माणसांवरील, २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, खाण्याचे तास आंखून दिल्यानें वर्षाअखेर कांहीं विशेष अधिक लाभ दिसला नाहीं. कमी खाणें हेंच काय तें कामास आलें. दोन्ही ताडून पाहतां असें दिसतें, कीं घड्याळांत जादू नाहीं. न मोजतां खाणें कमी होण्याची ती एक सोय आहे. सोय म्हणून ती उत्तम. सिद्धांत म्हणून तिच्यावर फार भार घालूं नये.

येथवर पुस्तकाची बाजू बळकट आहे. आतां त्या शब्दाकडे वळूं. ‘विनासायास’ म्हणजे कष्टावांचून. कोणाच्या कष्टावांचून? हें समजण्यास पुणें-मुंबईच्या दिवाणखान्यांत बसून चालणार नाहीं. डॉ. दीक्षितांनीं ज्या जिल्ह्यांत अध्यापन केलें, त्याच लातूर जिल्ह्यांतील एखाद्या गांवाच्या नजरेनें पुस्तक वाचलें पाहिजे. औसा तालुक्यांतील किल्लारी घ्या. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास, गणपति बोळवून गांव झोंपलें असतां, भूकंपानें तें भुईसपाट केलें. त्या परिसरांत आठ ते दहा हजार माणसें दगामातीच्या भिंतींखालीं गेलीं, आणि पुढें बावन्न गांवें उठवून नव्या जागीं वसवावीं लागलीं. या गांवांतील साठी उलटलेल्या माणसांस दोन वेळां जेवणें ही कांहीं नवी विद्या नव्हे. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडून मिळालेली सुकडी आणि परदेशांतून आलेली तांबडी मिलो ज्वारी ज्यांनीं लहानपणीं खाल्ली, त्यांच्या कोशांत ‘उपाशीं’ या शब्दाला आरोग्याचा अर्थ नाहीं. ज्या आईनें पोरांच्या ताटांत भाकरी पडावी म्हणून स्वतः पाणी पिऊन रात्र काढली, तिला ‘मध्यें कांहीं खाऊं नको’ हा उपदेश कसा ऐकूं येत असेल?

तथापि उपदेशाची गरज तेथेंही आहे, आणि खरी कळकळीची गोष्ट हीच. ज्या १९९३ सालीं किल्लारी पडली, त्याच सालीं पुण्याजवळील सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या मंडळीनें गर्भवती स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. त्यांस आढळलें तें असें : तेथील बाळें जन्मतः इंग्रज बाळांहून पुष्कळ हलकीं, सरासरी पावणेतीन किलोंच्या आंतबाहेर, परंतु त्यांच्या अंगीं स्नायू फार कमी आणि त्या मानानें चरबी मात्र टिकून. दिसण्यांत किडकिडीत, आंतून मेदयुक्त, असा हा आपला देह. म्हणून युरोपांत जें वजन निरुपद्रवी ठरतें, त्या वजनालाच आपल्याकडे मधुमेह उंबरठ्याशीं येतो. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रीची ८० ओलांडली कीं सावध व्हावें, असें आपल्याकडील वैद्य सांगतात तें यामुळेंच. ज्या मुलखानें उपासमार भोगली, त्याच मुलखाला आतां सुबत्तेचा रोग अधिक लवकर गांठतो. वजन उतरविणें हा येथें सौंदर्याचा प्रश्न राहत नाहीं; डोळे, मूत्रपिंड आणि पाय वांचविण्याचा होतो.

म्हणूनच शब्दाचा हिशेब कडक घेतला पाहिजे. पुष्कळ वजन उतरविणें आणि तें उतरलेलें राखणें या दोन निराळ्या विद्या आहेत. अमेरिकेंतील एका दूरचित्रवाणी स्पर्धेंत १४ जणांनीं सरासरी सुमारें ५८ किलो वजन उतरविलें. सहा वर्षांनीं पाहतां त्यांपैकीं सुमारें ४१ किलो परत आलें होतें, आणि त्यांचीं शरीरें विसांव्याच्या वेळीं अपेक्षेहून रोज सुमारें ५०० उष्मांक कमी खर्चीत होतीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेला हा अभ्यास सांगतो, कीं शरीर गेलेली चरबी विसरत नाहीं. कर्जदाराच्या मागें लागलेल्या सावकाराप्रमाणें तें वर्षानुवर्षें तगादा लावतें. वजन उतरविणारीं नवीं इंजेक्शनेंही या नियमास अपवाद नाहींत; एका मोठ्या प्रयोगांत तीं थांबविल्यावर वर्षाच्या आंत दोन-तृतीयांश वजन परत आलें. याउलट ज्यांनीं चौदा-एक किलो वा अधिक वजन उतरवून वर्षभरावर राखलें, अशांची नोंद अमेरिकेंत १९९४ पासून ठेवली जाते. त्यांची रहाणी पाहिली तर चमत्कार कोठेंच नाहीं. बहुतेक जण रोज तासभर शरीर हलवितात, त्यांत चालणें मुख्य. नियमानें वजन पाहतात. सुटीच्या दिवशींही खाण्याची शिस्त फारशी मोडीत नाहींत. हा आयास नव्हे तर काय? तो हळूहळू अंगवळणीं पडतो, हें खरें. परंतु अंगवळणीं पडलेला आयास आणि आयासाचा अभाव या गोष्टी एक नव्हेत.

दुसरा आयास घराचा आहे, आणि त्याविषयीं पुस्तकाचें मौन आम्हांस अधिक खटकतें. ‘आपली भूक ओळखा’ हें वाक्य एकवचनी आहे. घर मात्र बहुवचनी असतें. सासऱ्यांची भूक सकाळीं नऊची, मुलाची दुपारीं दोनची, नातवाची शाळा सुटल्यावरची. पांच माणसांच्या दोन-दोन भुका म्हणजे एका चुलीवर दहा पंगती. प्रत्येक पंगतीला ताजी कोशिंबीर हवी, मोड आलेली उसळ हवी, भाकरी गरम हवी. आणि या सर्वांच्या शेवटीं जी जेवते तिच्या भुकेची वेळ कोणी विचारावी? तिचे ५५ मिनिटांचें जेवण दहा मिनिटांत उरकतें. पुरुषाचें वजन विनासायास उतरलें, असें जेव्हां घरांत म्हटलें जातें, तेव्हां तो आयास कोणीतरी दुसऱ्यानें उचललेला असतो. चालण्याचेंही तसेंच. नव्या वसाहतींचे रस्ते रुंद आहेत. परंतु कामावांचून पाऊण तास फिरणाऱ्या सुनेकडे गांव कोणत्या नजरेनें पाहतें, हें सांगण्याची गरज नाहीं.

यावर उपाय नाहीं असें मात्र नाहीं, आणि तो याच मातींत सांपडतो. भूकंपानंतरच्या पुनर्वसनांत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या श्रीमती प्रेमा गोपालन यांच्या संस्थेनें गांवोगांवच्या स्त्रियांस लोक व सरकार यांमधील दुवा म्हणून उभें केलें. पुढें त्याच संस्थेच्या प्रेरणेनें मराठवाड्यांतील स्त्रियांनीं कुटुंबाच्या जमिनींतून एक एकर आपल्या हातीं मागून घेतलें, आणि त्यांत विकण्याआधीं खाण्याचें पीक घेतलें : भाज्या, डाळी, भरड धान्यें. आमच्या मतें आहारशास्त्राचा हा एक अलिखित अध्यायच होय. ताटांत काय पडावें हें ठरविण्याचा अधिकार जिच्या हातीं आला, तिच्या घरांत पथ्य टिकण्याचा संभव अधिक. तूर आणि सोयाबीन यांच्या बाजारपेठेसाठीं लातूर प्रसिद्ध. परंतु वरण घट्ट व्हावयाचें तर पीक बाजाराबरोबर घराच्या कोठीकडेही वळलें पाहिजे. वजन उतरतांना चरबीबरोबर स्नायूही झडतात. ते राखण्यास डाळ, कडधान्य, दूध, अंडें यांचा पुरवठा आणि अंगमेहनत दोन्ही लागतात. ज्यांच्या अंगीं मुळांतच स्नायू थोडे, त्यांनीं तर हें विसरूं नयेच.

एक इशारा दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. जो मधुमेही इन्शुलिन टोंचून घेतो किंवा साखर वेगानें उतरविणाऱ्या गोळ्या घेतो, त्यानें औषध न बदलतां एकाएकीं जेवणाच्या वेळा कमी केल्या, तर रक्तांतील साखर धोक्याच्या रेषेखालीं जाऊन तो बेशुद्ध पडूं शकतो. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि वाढत्या वयाचीं मुलें यांनीं या वाटेस जाऊं नये. तोंडीं पसरणाऱ्या नियमाचा हाच दोष, कीं नियम पुढें जातो आणि अपवाद मागें राहतो. ज्या गुणाची आम्हीं आरंभीं स्तुति केली, त्याचीच ही दुसरी बाजू होय.

सारांश काय? पुस्तक वाचावें, कारण तें भीति घालीत नाहीं आणि कांहीं विकत घेण्यास सांगत नाहीं. परंतु नांवांतील शब्द जरा बाजूस ठेवून वाचावें. अमेरिकेंत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत शेंकडा सात इतकें वजन उतरविण्याचें आणि आठवड्यास अडीच तास चालण्यासारखा व्यायाम करण्याचें ध्येय ठेवलें होतें. तेवढ्यानें मधुमेहाचा संभव शेंकडा ५८ नीं कमी झाला. नव्वद किलोंच्या माणसास हे सहा-साडेसहा किलो होतात. ज्यास वीस-पंचवीस उतरवावयाचे आहेत, त्यानेंही पहिली पायरी हीच मानावी, आठवड्यास अर्धा-एक किलोंहून घाई करूं नये, आणि प्रत्येक पायरीवर कांहीं महिने थांबून घर आपल्याबरोबर आलें आहे कीं नाहीं तें मागें वळून पाहावें.

पुढील आवृत्तींत डॉ. दीक्षितांनीं दोन प्रकरणें वाढवावीं, अशी आमची नम्र सूचना आहे : एक दुसऱ्या वर्षाचें, आणि एक स्वयंपाकघराचें. अशा सर्वच चळवळींत ज्यांचें वजन उतरलें ते व्यासपीठावर येतात. ज्यांचें परत चढलें ते मागच्या रांगेंतून गुपचूप घरीं जातात. त्यांच्यासाठीं लिहिलेलें पुस्तक मराठींत अद्याप यावयाचें आहे. तें आलें, तर त्याच्या नांवांत ‘विनासायास’ हा शब्द नसेल. आणि नसला तरी वाचकांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. ज्या मुलखानें पडलेलें गांव पुन्हा उभें केलें, त्याला वांटून घेतलेल्या कष्टाचें भय वाटूं नये.