ख्रिस्ती उपासनेचे ग्रंथ : निवडीचा निकष

ख्रिस्ती उपासना, यज्ञ आणि संस्कार यांवरील अभ्यासग्रंथ निवडताना 'प्रमाणभूत' किंवा 'अभिजात' ही विशेषणे फारशी उपयोगी पडत नाहीत. प्रतिकूल पुराव्याशी ग्रंथकार कसा वागतो, हा अधिक विश्वसनीय निकष होय.

ग्रेगरी डिक्स यांचा 'द शेप ऑफ द लिटर्जी' (१९४५) हा ग्रंथ याचे बोलके उदाहरण आहे. घेणे, आशीर्वाद उच्चारणे, मोडणे आणि देणे या चार कृतींत डिक्स यांना प्रभुभोजनविधीचा मूळ आकृतिबंध दिसतो. त्यांच्या शैलीचा ओघ असा की, सिद्धांत हाच पुरावा वाटू लागतो. परंतु १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या 'दिदाखे' या आद्य ख्रिस्ती पुस्तिकेत प्याल्यावरील आभारप्रार्थना आधी येते, भाकरीवरील नंतर. आणि त्या प्रार्थनांत येशूच्या मृत्यूचा उल्लेखही नाही. डिक्स हा विधी प्रीतिभोजनाचा ठरवून बाजूला ठेवतात. पॉल ब्रॅडशॉ यांनी 'द सर्च फॉर दि ओरिजिन्स ऑफ ख्रिश्चन वर्शिप' (१९९२) या ग्रंथात सर्व परंपरांचे एकच मूळ गृहीत धरण्याच्या प्रवृत्तीवर बोट ठेवले आहे. म्हणून डिक्स जरूर वाचावेत. परंतु ब्रॅडशॉ यांच्या सोबतीने.

हा वाद केवळ विद्वानांपुरता नाही. 'अपॉस्टॉलिक ट्रॅडिशन' हा ग्रंथ तिसऱ्या शतकातील रोमच्या हिप्पोलिटस यांचा समजला गेला आणि १९६८ साली सिद्ध झालेल्या रोमन मिस्सेतील दुसऱ्या आभारप्रार्थनेला त्याचा आधार घेण्यात आला. पुढे ब्रॅडशॉ, मॅक्सवेल जॉन्सन आणि एडवर्ड फिलिप्स यांच्या २००२ च्या भाष्याने तो निरनिराळ्या काळांतील थरांचा संग्रह असल्याचे प्रतिपादन केले. एका गृहीतकाची छाया अशी प्रार्थनेवर पडते. वसईतील मराठी मिस्साही तिच्याबाहेर नाही. अर्थात प्रार्थनेचे मोल तिच्या प्राचीनत्वावर अवलंबून नसते. मात्र प्राचीनत्वाचा दावा तपासलाच पाहिजे.

यज्ञाच्या बाबतीत मराठी वाचकाची स्थिती अधिक अनुकूल आहे. आंरी ह्यूबेर आणि मार्सेल मोस यांनी १८९९ साली वैदिक व हिब्रू साधनांच्या आधारे मांडलेल्या उपपत्तीत बळीचा वध केंद्रस्थानी आला. कॅथरिन मॅक्लिमंड यांनी 'बियाँड सेक्रेड व्हायोलन्स' (२००८) मध्ये त्याच दोन परंपरा पुन्हा तपासून धान्य व द्रवरूप आहुतींकडे लक्ष वेधले. सोम आणि पुरोडाश परिचित असलेल्या वाचकाला हे पटवून द्यावे लागत नाही. मराठीत 'मिस्साबलिदान' म्हणणारा कॅथलिक आणि 'प्रभुभोजन' म्हणणारा प्रॉटेस्टंट यांच्यातील मतभेदही शब्दांतच उमटला आहे. 'बलिदान' म्हणताच मृत्यू पुढे येतो, 'अर्पण' म्हणताच देणे. या दोहोंतील अंतर ज्या ग्रंथाला जाणवतच नाही, तो कितीही संदर्भसंपन्न असला तरी संग्रहात दुय्यम स्थानीच ठेवावा.