सार्जंट पेपर म्हणजे नक्की कोणतं सार्जंट पेपर?

समजा, तुम्ही बीटल्सवर प्रबंध लिहिताय आणि संदर्भांच्या यादीत टाकलंत: ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’, १९६७. परीक्षक जर रेकॉर्ड गोळा करणाऱ्यांपैकी निघाला, तर त्याचा पहिला प्रश्न असेल, कोणतं? मोनो की स्टीरिओ? १९८७ ची सीडी, २००९ चं रीमास्टर, की २०१७ चं रीमिक्स? हा प्रश्न वरवर खवचट वाटतो, पण तसा तो नाही. या सगळ्यांचं नाव एक, कव्हर एक, गाण्यांचा क्रमही एक. कानावर पडतं ते मात्र एक नाही.

या अल्बमचे चाहते गेली कित्येक वर्षं या प्रती एकमेकींशेजारी ठेवून ऐकतायत, फरक नोंदवतायत आणि त्यावरून कडाकडा भांडतायत. विद्यापीठातली मंडळी याकडे छंद म्हणून बघतात. माझ्या मते हे अस्सल पाठचिकित्सेचं काम आहे. त्यातला एक भाग आपण चक्क शिकून घ्यावा असा आहे, आणि दुसरा भाग आपल्यालाही लागू शकणारा रोग आहे.

आधी शब्द साफ करून घेऊ, कारण निम्मी भांडणं इथेच होतात. स्टुडिओत गायलं-वाजवलं ते टेपवर गेलं, हे ध्वनिमुद्रण. टेपवरचे वेगवेगळे पट्टे एकत्र आणून कुणाचा आवाज किती, कुठल्या बाजूला, कुठल्या वेगाने हे ठरवलं, हा मिक्स. तयार मिक्सची तबकडीसाठी किंवा सीडीसाठी शेवटची तयारी केली, ते मास्टरिंग. आणि कारखान्यात साच्यातून प्रत्यक्ष प्रत काढली, ते प्रेसिंग. आता एखादा म्हणतो, “माझ्या जुन्या रेकॉर्डवर बास जास्त गोड आहे.” हा फरक यातल्या कुठल्या पायरीवरचा? मिक्सचा असेल तर ती वेगळी संहिता आहे. प्रेसिंगचा असेल तर ती फक्त वेगळी छपाई आहे. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत लेखकाने प्रकरण बदलणं वेगळं आणि शाई फिकट उमटणं वेगळं. दोन्हीला ‘फरक’ म्हटलं की गोंधळ ठरलेला.

सार्जंट पेपरच्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक मिक्सचाच आहे. १९६७ साली इंग्लंडमध्ये घराघरांत प्रामुख्याने मोनो प्लेअर होते, त्यामुळे मोनो मिक्स हेच मुख्य काम मानलं जाई. त्या वेळी बँड हजर असे आणि बराच वेळ त्यावर जाई. स्टीरिओ मिक्स निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी बँडच्या गैरहजेरीत, बराच झटपट उरकला. दोन्ही मिक्स त्याच टेपवरून स्वतंत्रपणे केलेले. त्यामुळे मोनो म्हणजे स्टीरिओचे दोन कान एकत्र केले असं मुळीच नाही.

आता ऐका. ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोमध्ये जवळपास अर्ध्या स्वराने चढं आहे आणि तेवढंच जलद, कारण मिक्स करताना टेपचा वेग वाढवला होता. स्टीरिओ करताना तो वाढवलाच नाही. ‘लूसी इन द स्काय’मध्ये लेननच्या आवाजावरचा तो भोवऱ्यासारखा फिरणारा परिणाम मोनोत ठळक आहे, स्टीरिओत विरळ. शेवटाकडे शीर्षकगीत पुन्हा येतं तेव्हा मॅकार्टनी मागून जोशात ओरडतो. मोनोत ते स्वच्छ कळतं, स्टीरिओत जवळजवळ बुडून जातं.

यातलं पहिलं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘शीज लीव्हिंग होम’ हे पहाटे घर सोडून जाणाऱ्या मुलीचं गाणं. बीटल्सपैकी कुणीही त्यात वाद्य वाजवलेलं नाही. नुसते तंतुवाद्यांचे थर, हार्प आणि दोन आवाज. स्टीरिओच्या वेगात हे गाणं रेंगाळतं. हार्पच्या झंकारावर झंकार साचत जातात आणि चौथ्या मिनिटाकडे सरकताना मला ते सरळ रडकं वाटू लागतं. मोनोच्या वेगात तेच गाणं हलकं होतं, गायकाचा आवाज कोवळा लागतो आणि मुलीच्या निघून जाण्यात दुःखाइतकीच घाई जाणवते. म्हणजे ‘हे गाणं भावविवश आहे’ असं मत कुणी मांडलं, तर ते मत टेपच्या एका वेगाबद्दल असू शकतं! समीक्षकाने कुठली प्रत ऐकली ते सांगितलं नाही, तर त्याच्या मताशी वाद घालायलाही जागा उरत नाही.

चाहत्यांच्या कामाचं मोल इथे कळतं. त्यांची चिकाटी थक्क करणारी आहे. इंग्लंडमधल्या पार्लोफोनच्या जुन्या रेकॉर्डच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर, लेबलच्या भोवती, बारीक खुणा कोरलेल्या असतात. एक मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे ती बाजू कितव्यांदा कापली त्याची नोंद. डावीकडे एक आकडा, तो ‘मदर’चा, म्हणजे ज्या धातूच्या तबकडीवरून साचे निघाले तिचा. उजवीकडे अक्षरं, ती साच्याची. ही अक्षरं म्हणजे सांकेतिक आकडे: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी या दहा अक्षरांना अनुक्रमे एक ते नऊ आणि शून्य. ग्रामोफोन लिमिटेडच्या नावातूनच काढलेला संकेत. डावीकडे ७ आणि उजवीकडे ‘जीए’ असेल, तर ती बाजू सातव्या मदरच्या तेराव्या साच्याची. मोनो असेल तर कव्हरवर पीएमसी ७०२७, स्टीरिओ असेल तर पीसीएस ७०२७. एवढ्यावरून हातातली प्रत वंशवृक्षाच्या कुठल्या फांदीवरची हे सांगता येतं.

हे वाचताना पुण्याच्या भांडारकर संस्थेची आठवण आली नाही, तरच नवल. महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना विष्णु सीताराम सुखठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं: प्रती गोळा करा, एकमेकींशी ताडून बघा, कुठली कुठल्या घराण्याची ते ठरवा, पाठभेद नोंदवा. १२५९ हस्तलिखितं, १९१९ ते १९६६ एवढा काळ. शेवटी जी संहिता सिद्ध झाली ती कुठल्याही एका हस्तलिखितात जशीच्या तशी नाही. ती निवडून बांधलेली आहे. पण प्रत्येक पानाच्या तळाशी नाकारलेले पाठ छापलेले आहेत. संपादकाचा निर्णय पटला नाही, तर तुम्ही तळाशी जाऊन दुसरा पाठ घेऊ शकता.

२०१७ चं रीमिक्स मी याच कसोटीवर तपासते. अल्बमला पन्नास वर्षं झाली तेव्हा जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स आणि सॅम ओकेल यांनी मूळ टेपवरून नवा स्टीरिओ मिक्स केला. १९६७ साली एका टेपवर चारच पट्टे मिळत. ते भरले की चारांचं मिश्रण दुसऱ्या टेपच्या एका-दोन पट्ट्यांवर उतरवायचं आणि पुढचं वाजवायचं. प्रत्येक उतरवणीत थोडी खरखर वाढे आणि मागचा निर्णय कायमचा गोठे. नव्या मिक्ससाठी उतरवणीच्या आधीच्या टेप वापरल्या आणि मार्गदर्शक म्हणून मोनो समोर ठेवला. त्यामुळे ‘शीज लीव्हिंग होम’ आता स्टीरिओतही मोनोच्या वेगाने जातं. ड्रम आणि बास अंगावर येतात, आवाज मधोमध बसतात. जुन्या स्टीरिओत हेडफोन लावला की गायक एका कानात आणि ड्रम दुसऱ्या कानात अशी जी फाळणी व्हायची, ती गेली.

ऐकायला हे फार छान आहे. पण हे काय आहे? वेग मोनोचा, मांडणी स्टीरिओची, खालच्या पट्टीतलं वजन एकविसाव्या शतकातलं. पाठचिकित्सेत याला मिश्र संहिता म्हणतील. मिश्र संहिता बांधणं हा गुन्हा नाही, भांडारकर संस्थेतही तीच बांधली गेली. माझा आक्षेप वेगळा आहे: या संहितेला तळटिपा नाहीत. त्याच वेळी निघालेल्या महागड्या पेटीत मोनो मिक्स आणि स्टुडिओतले कच्चे तुकडेही होते, हे मान्य. पण ज्याने नुसती एक सीडी घेतली किंवा फोनवर गाणं लावलं, त्याला कुठे मोनोचा पाठ घेतलाय आणि कुठे नवा निर्णय आहे हे कळायचा मार्ग नाही. त्या तळटिपा चाहते लिहितात. सेकंद-सेकंद ऐकून, फुकट.

आता रोगाबद्दल. चाहत्यांची नोंद जितकी काटेकोर, तितकं त्यांचं मूल्यमापन बेभरवशाचं. दोन प्रतींपैकी जिचा आवाज किंचित मोठा, ती कानाला चांगली वाटते. आणि ‘मोठी आहे’ असं न वाटता ‘जास्त स्वच्छ, जास्त जिवंत’ असं वाटतं. त्यामुळे आवाजाची पातळी मोजून सारखी केल्याशिवाय तुलनेला काही अर्थ नाही. २००९ च्या मोनो सीडींवर आवाज दाबून वर आणण्याची प्रक्रिया वापरली नव्हती, त्याच वर्षीच्या स्टीरिओ सीडींवर थोडी वापरली होती. म्हणजे दोन्ही डिस्क त्याच बटणावर ठेवून ऐकल्या, तर तुम्ही मिक्सची तुलना करताय की पातळीची, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. शिवाय हातातली रेकॉर्ड पहिल्या छपाईची, भरपूर पैसे मोजून आणलेली, हे ठाऊक असताना कान तटस्थ राहत नाहीत. कुठली प्रत वाजतेय ते लपवून ऐकण्याची चाचणी फार थोडे जण करतात.

याची चांगलीच परीक्षा २०२२ साली झाली. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी जुन्या अल्बमच्या महागड्या तबकड्या काढते आणि मूळ टेपशी इमान हीच तिची ख्याती. त्या वर्षी उघड झालं, आणि कंपनीनेही मान्य केलं, की यातल्या अनेक तबकड्या कापताना मधे एक डिजिटल टप्पा होता. ‘डिजिटलचा वासही आम्हाला लगेच येतो’ असं छातीठोक सांगणाऱ्या अनेकांनी तोवर याच तबकड्या डोक्यावर घेतल्या होत्या. यावरून त्यांचे कान खोटे ठरत नाहीत. तबकड्या चांगल्याच होत्या! खोटं ठरलं ते कारण: ‘चांगलं वाटतंय, म्हणजे डिजिटल नसणार’ हे अनुमान. मुलाखती घेऊन प्रबंध लिहिणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. माणूस काय अनुभवलं ते सांगतो, तो पुरावा आहे. ते का अनुभवलं याबद्दल तो जे सांगतो, ते फक्त त्याचं मत.

आणखी एक गोष्ट मला खटकते. साच्याची अक्षरं भिंगातून वाचणाऱ्या या परंपरेने एका प्रश्नाकडे फार काळ लक्ष दिलं नाही. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, जॉर्ज हॅरिसनचं ‘विदिन यू विदाउट यू’. त्यातली दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवणारे लंडनमधले भारतीय वादक होते: अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी. मूळ कव्हरवर यातल्या कुणाचंही नाव नाही. दिलरुबा मोनोत किती पुढे आणि स्टीरिओत किती मागे, यावर चर्चा झडत राहिली. गज धरणारा हात कुणाचा, हे कळायला मात्र दशकं जावी लागली. तुम्ही काय मोजायचं ठरवता, त्यावर काय दिसणार हे ठरतं, याचं इतकं सोपं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आता, ‘मग वापरायची कुठली प्रत?’ हे विचारणारे इमेल येतीलच, म्हणून सांगून टाकते. बीटल्सनी काय ठरवलं होतं हा तुमचा प्रश्न असेल तर मोनो. २००९ ची सीडी किंवा २०१४ ची तबकडी पुरे, लिलावात उडी मारायची गरज नाही. लोकांनी काय ऐकलं हा प्रश्न असेल तर जुना स्टीरिओ, कारण १९८७ मध्ये सीडी आली ती स्टीरिओच, मोनो सीडीवर यायला २००९ उजाडलं. मधल्या पिढीला ते गाणं संथच माहीत आहे, आणि तिच्या आठवणींवर काम करायचं तर तीच तिची संहिता. आजचा उद्योग स्वतःचा भूतकाळ कसा नव्याने बांधतो हा प्रश्न असेल तर २०१७, पण मग शेजारी मोनो ठेवून, आवाजाची पातळी मोजून. आणि वहीत अल्बमच्या नावापुढे मिक्स, माध्यम आणि वर्ष हे तीन रकाने आजच आखून ठेवा. सहा महिन्यांनी ‘हे मी कुठल्या प्रतीवर ऐकलं होतं?’ म्हणून शोधत बसलात, तर हे सगळं तास-तास ऐकणं परत करावं लागतं.