दास्याचा जमाखर्च : दोन संगणकीय खेळांचें परीक्षण

संगणकावरील खेळांचें परीक्षण या त्रैमासिकांत पाहून कित्येक वाचक भिवया चढवितील. आमच्याही प्रथम चढल्याच होत्या. परंतु जो खेळ सनावळीसह खरीं राष्ट्रें व खरीं माणसें नांवानिशीं पटावर मांडतो, तो इतिहास सांगूं पाहतो. मग बखरीस जी कसोटी आपण लावतों ती त्यासही लावणें प्राप्त आहे. बखरकारानें काय लिहिलें याबरोबरच त्यानें काय गाळलें, हेंही आपण पाहतों.

सिड मायर यांच्या नांवानें १९९४ मध्यें निघालेला ‘कॉलनायझेशन’ हा खेळ १४९२ पासून सुरू होतो. इंग्लंड, फ्रान्स, स्पेन व हॉलंड यांपैकीं एकाच्या वतीनें अमेरिकेंत वसाहत उभारावयाची. ऊंस, तंबाखू, कापूस पिकवावयाचा. त्यांची रम, चिरूट व कापड करून युरोपांत विकावयाचें. कामास कसबी लोक, स्वतंत्र वसाहतकार, करारबद्ध चाकर, किरकोळ गुन्हेगार व ख्रिस्ती झालेले तद्देशीय असतात, आणि प्रत्येकाची कार्यशक्ति निराळी धरलेली असते. आफ्रिकेंतून आणलेला गुलाम मात्र एकही नाहीं! प्रत्यक्षांत सुमारें १ कोटि २५ लाख माणसें त्या किनाऱ्यावरून जहाजांत भरलीं गेलीं व त्यांतील सुमारें १८ लाख वाटेंतच मेलीं. ऊंस आहे आणि ऊंस तोडणारा नाहीं, अशी ही बखर.

या गाळण्याचा विलक्षण परिणाम बार्तोलोमे दे लास कासास या धर्मोपदेशकाच्या बाबतींत दिसतो. खेळांत तो वसाहतीच्या संस्थापक पुरुषांपैकीं एक असून तो येतांच सर्व ख्रिस्ती तद्देशीय स्वतंत्र वसाहतकार होतात. ऐतिहासिक लास कासासनें तद्देशीयांचा भार हलका व्हावा म्हणून १५१६ मध्यें बाहेरून गुलाम आणण्याचा सल्ला दिला होता, आणि पुढें स्वतःच्या इतिहासग्रंथांत त्याबद्दलचा पश्चात्तापही नमूद केला. एकाच्या मानेवरचें जूं काढून दुसऱ्याच्या मानेवर ठेवण्याचा हा सौदा त्या काळच्या वसाहतींचें मर्म होय. खेळांत त्यास जागाच उरलेली नाहीं.

‘व्हिक्टोरिया ३’ (२०२२) या खेळाच्या कर्त्यांनीं असा चुकारपणा केलेला नाहीं. १८३६ ते १९३६ या शतकांतील राज्य खेळाडूनें चालवावयाचें असून त्यांत दास्याचे कायदे वेगवेगळे मांडले आहेत. देण्यापायीं झालेला दास व दासाच्या पोटीं जन्मलेला दास हा भेद पाहून नारदस्मृतींतील पंधरा प्रकार आम्हांस आठवले. हिशेबही विचारपूर्वक केला आहे. गुलामास वेतन नाहीं, परंतु त्याच्या पोटाचा खर्च मालकाच्या माथीं. त्याच्या हातीं पैसा नसल्यानें कारखान्यांस गिऱ्हाईक कमी. त्यास वरच्या कामावर चढवितां येत नाहीं. आणि दास्य मोडावें तर जमीनदार बंडास उठण्याचें भय.

हा हिशेब खोटा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तो कोणाच्या दप्तरांतला, एवढाच आमचा प्रश्न आहे. तागडीच्या दोन्ही पारड्यांत मालकाचें वा सरकाराचेंच नफानुकसान आहे. गुलाम तेथें वजन म्हणून पडतो. ब्रिटिश पार्लमेंटनेंही १८३३ मध्यें दास्य उठवितांना असेंच तोललें : मालकांस २ कोटि पौंड भरपाई, सुटलेल्यांस कांहीं नाहीं. पेशवे दप्तरांतील कुणबिणींच्या नोंदी ज्यांनीं चाळल्या आहेत त्यांस हा प्रकार नवा नाहीं. किंमत सांपडते, वय सांपडतें. बाईचें म्हणणें क्वचितच सांपडतें.

सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतींत १७९१ मध्यें गुलाम उठले व १८०४ मध्यें त्यांतून हैती हें राज्य निर्माण झालें. तें राज्य या खेळाच्या नकाशावर आरंभापासून आहे, आणि त्याच खेळांत गुलामाचें राजकीय बळ शून्य धरलें आहे! ही विसंगति कर्त्यांच्या नजरेंतून कशी सुटली, नकळे.

दोहोंत निवड करावयाची तर आम्ही दुसराच खेळ निवडूं; अपुरी नोंद कोऱ्या पानापेक्षां केव्हांही बरी. पहिला ज्यांच्या घरीं मुलें खेळतात त्यांनीं लास कासासची १५१६ सालची हकीकत त्यांस तोंडीं सांगावी.