मदतीचा प्रयोग आणि समीक्षकाची भीड

भूकंपग्रस्तांच्या साहाय्यार्थ कलावंत जे कार्यक्रम करतात त्यांचे आपल्याकडे वृत्त छापून येते, परीक्षण छापून येत नाही. निधी किती जमला, अध्यक्षस्थानी कोण होते, आभार कोणी मानले, इतके कळते. प्रयोग कसा झाला हे विचारणे मात्र अप्रशस्त समजले जाते. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत हा आपला जुना व्यवहार आहे, आणि समीक्षकही अखेर व्यवहारातलाच माणूस असतो. कलावंताने बिदागी घेतलेली नसते, प्रेक्षकाने तिकिटाहून अधिक दिलेले असते, आणि पैसा जावयाचा असतो तो उघड्यावर पडलेल्या माणसांकडे. अशा वेळी सूर कोठे उतरला याची नोंद करणारा लेखक हृदयशून्य ठरल्यावाचून राहत नाही. ही भीड मी स्वतः पाळलेली आहे. ती पाळण्यात चूक झाली असे मला पुष्कळ उशिरा वाटू लागले. आणि ती चूक केवळ शिष्टाचारापुरती नव्हती, म्हणून हा लेख.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकते झोपी गेले असता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि भोवतालची गावे कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. हैदराबादच्या मराठी माणसाला ही बातमी परमुलखाची नव्हती. लातूर-उस्मानाबादचा हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता; येथील कित्येक मराठी घरांच्या सोयरिकी औसा-उमरगा तालुक्यांत झालेल्या. त्या ऑक्टोबरात आमच्या शहरातील एका शाळेच्या सभागृहात हौशी कलावंतांनी साहाय्यनिधीसाठी कार्यक्रम केला. प्रथम गायन, मग एक एकांकिका, शेवटी काव्यवाचन. सभागृह भरून माणसे व्हरांड्यात उभी होती. मी एका स्थानिक पत्रिकेसाठी त्यावर टिपण लिहिले. कार्यक्रम 'हृद्य' झाला आणि कवितांनी श्रोत्यांचे डोळे पाणावले, असे त्यात होते. दोन्ही विधाने खरी होती.

त्या कविता जवळजवळ सर्वच धरणीला उद्देशून होत्या. माते, तू का कोपलीस, लेकरांचा असा कोणता अपराध झाला, या एकाच आळवणीची ती निरनिराळी वृत्ते होती. कार्यक्रमानंतर पायऱ्यांवर उमरगा तालुक्यातील एक वयस्कर गृहस्थ भेटले. मुलाकडे राहावयास आले होते. कवितांविषयी त्यांची तक्रार नव्हती, त्यांना फक्त उलगडा होत नव्हता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जमीन हलली ती काही क्षण. त्यांच्या भावकीतली माणसे मेली ती माळवदाखाली. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांवर तुळया आणि फळ्या, आणि त्यांवर मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी त्यावर आणखी माती, असे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले. त्यांच्याच सालगड्याचे कुडाचे छप्पर मात्र उभे राहिले. माळवद ज्याला परवडले नाही तो वाचला. हे मी ऐकले, मनात हळहळलो, आणि माझ्या टिपणात त्यातले एक अक्षरही घातले नाही. कवितेच्या परीक्षणात बांधकामाचे काय काम, असे मला वाटले असावे.

या विसंगतीचा विचार करताना प्रथम रसाचाच प्रश्न समोर येतो. शोक आणि करुण हे एक नव्हेत, हे आपण वर्गात शिकवितो. शोक हा व्यक्तीचा असतो. तो साधारण झाला, 'माझा' किंवा 'त्याचा' न राहिला, म्हणजे करुणाचा आस्वाद संभवतो. अभिनवगुप्तांनी रसप्रतीतीच्या आड येणारी जी सात विघ्ने सांगितली आहेत त्यांत 'निजसुखादिविवशीभाव' हे एक आहे. प्रेक्षक आपल्याच सुखदुःखाने व्यापलेला असला की समोरचे नाट्य त्याच्यापर्यंत पोचत नाही. मदतीच्या कार्यक्रमात प्रेक्षक दुःखाने व्यापलेला असतो असे आपण समजतो. मला वाटते, पुष्कळदा तो सुखाने व्यापलेला असतो. दान केल्याचे ते सुख असते आणि त्यात निंद्य असे काही नाही. पण रसविघ्न म्हणून ते फार प्रबळ आहे. अशा श्रोत्याला काहीही ऐकविले तरी ते चांगलेच वाटते.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. प्रसंग भूकंपाचा नव्हता, बांगलादेशातील निर्वासितांचा होता. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी साहाय्यार्थ जलसा केला. प्रारंभी रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्ये जुळवीत होते. ते जुळविणे थांबताच हजारो श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळविणेच जर इतके आवडले असेल तर वादन त्याहून अधिक आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचे उत्तर रविशंकरांनी हसत दिले. लोक हा किस्सा पाश्चात्त्यांच्या अज्ञानाचा नमुना म्हणून सांगतात. मला त्यात दात्याच्या मनाचे चित्र दिसते. आमच्या शाळेच्या सभागृहात सर्वांना मराठी येत होते, बहुतेकांना गाणे कळत होते, आणि तरीही आम्ही त्या रात्री वाद्ये जुळविण्यालाच टाळ्या दिल्या.

कोणी म्हणेल, टाळ्या दिल्या तर बिघडले काय? पैसा पोचला ना? पैसा पोचला, आणि तेवढ्यापुरते खरोखरच काही बिघडत नाही. गाणे बेताचे झाले म्हणून कांबळी कमी उबदार होत नाहीत. प्रश्न गाण्याचा नाही. प्रश्न त्या कवितांचा आहे, कारण कविता काहीतरी सांगत होत्या, आणि जे सांगत होत्या ते खरे नव्हते.

भूकंपाला कोपाची भाषा लावावी की लावू नये, हा वाद आपल्या देशात एकदा फार मोठ्या माणसांमध्ये झालेला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळ हादरले. मुंगेर व मुजफ्फरपूर उद्ध्वस्त झाले. महात्माजी त्या वेळी हरिजन यात्रेवर होते. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली ही शिक्षा आहे, असे त्यांनी म्हटले. अस्पृश्यतेविषयी रवींद्रनाथांचे त्यांच्याशी पूर्ण मतैक्य होते. तरीही त्यांनी या विधानाचा जाहीर निषेध केला. सृष्टीतील घडामोडींना नीतीचे कारण जोडल्याने लोकांतील विवेकशून्यतेला बळ मिळते, असा त्यांचा आक्षेप होता. महात्माजींनी तो आपल्याच 'हरिजन' पत्रात छापला आणि त्याला उत्तरही दिले. या वादात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की आक्षेप घेणारा कवी होता. कोपाची प्रतिमा किती सहज सुचते आणि किती परिणाम करते हे कवीलाच अधिक ठाऊक असावयाचे. आणि ज्या देशात मदतकार्याला गांधीजींच्या शब्दानेच जोर यावयाचा, त्या देशात ऐन आपत्तीच्या आठवड्यांत त्यांच्या चुकीवर बोट ठेवण्याची भीड रवींद्रनाथांना पडली नाही. आम्हांला एका शाळेच्या सभागृहात पडली!

यावर उपाय म्हणून कलावंतांनी आपत्तीवर बोलूच नये, असे मी म्हणणार नाही. पण न बोलण्याचाही एक सन्माननीय मार्ग आहे हे विसरू नये. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेला संयुक्त 'मानापमान'चा प्रयोग आपल्या रंगभूमीच्या इतिहासात अजरामर झाला आहे. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श एकत्र आल्या. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एका रंगमंचावर उभे राहिले. प्रेक्षकांनी चढ्या दराने तिकिटे घेतली ती त्या दोन गळ्यांची चुरस ऐकण्यासाठी. नाटकात स्वराज्याचा शब्द घालण्याची कोणाला गरज वाटली नाही. तो प्रयोग फंडासाठी होता म्हणून आज कोणी त्याला सवलतीचे गुण देत नाही. उलट चांगल्या प्रयोगाचे माप म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पृथ्वीराज कपूर यांची रीतही मला अशीच शोभिवंत वाटते. पृथ्वी थिएटर्सचा खेळ संपला की ते दाराशी झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहत. खेळ चालू असता झोळी नाही आणि झोळीपुढे अभिनय नाही. आमच्याकडे मात्र निवेदक दर दोन गाण्यांमध्ये झोळी फिरवितो, आणि गायकही समेवर येण्यापूर्वी गहिवरतो.

दुसरा मार्ग आपत्तीविषयीच बोलण्याचा. तो कठीण आहे. अण्णाभाऊ साठे यांचा 'बंगालची हाक' हा पोवाडा बंगालच्या दुष्काळावरचा. १९४३ च्या त्या दुष्काळात 'इप्टा'ची कलापथके गावोगाव हिंडली आणि त्यांनी निधी जमविला. दुष्काळ पोवाड्याला मानवतो, कारण पोवाड्याला प्रतिपक्ष लागतो, आणि त्या दुष्काळात साठेबाज होता, सरकार होते. भूकंपात शाहिराच्या डफाला थाप मारावी अशी छाती समोर दिसत नाही. मग तो धरणीलाच प्रतिपक्ष करतो आणि लगेच तिचे पाय धरतो. रचनेच्या दृष्टीने ही शरणागती आहे. प्रतिपक्ष नव्हता असे नाही. तो भिंतीत होता, छपराच्या वजनात होता, दगडाला दगड न बांधता केवळ मातीत चिणण्याच्या रूढीत होता. त्याला चेहरा नव्हता एवढेच. चेहरा नसलेल्या गोष्टीला शब्दांत आणणे हे कवीचे काम नव्हे काय?

आपत्तीचा कार्यक्रम चेहऱ्यांवरच जगू लागला म्हणजे त्याचे काय होते हे पाहावयाचे तर अर्जेंटिनाकडे पाहावे. बिहारच्या भूकंपानंतर बरोबर दहा वर्षांनी, १५ जानेवारी १९४४ रोजी, तेथील सान ह्वान हे शहर जमीनदोस्त झाले. तेथेही माणसे मेली ती मुख्यतः कच्च्या विटांच्या भिंतींखाली. राजधानीत नट-नट्या पेट्या घेऊन रस्त्यांवर फिरल्या, आणि आठवड्याभरात लुना पार्क या क्रीडागृहात साहाय्यार्थ मोठा उत्सव झाला. कलावंतांना साद घालणारे कर्नल पेरोन तेव्हा कामगार खात्याचे प्रमुख होते. एव्हा दुआर्ते ही नभोवाणीवरील तरुण नटी तेथे आली होती. दोघांची गाठ त्या रात्री पडली असे सांगितले जाते. पुढे दोन वर्षांत ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि ती जगप्रसिद्ध झाली. त्या रात्रीवर आज जे वाचावयास मिळते ते जवळजवळ सर्व या भेटीविषयी असते. सान ह्वान त्यात एका वाक्यात येते.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण इटलीतले आहे. २३ नोव्हेंबर १९८० च्या भूकंपात दक्षिण इटलीतील इर्पिनियाची गावे ढासळली. मदत पोचण्यास विलंब झाला आणि नेपल्सच्या 'इल मातिनो' या दैनिकाने 'त्वरा करा' एवढाच मथळा पानभर छापला. पुढे त्याच शहरातील कलासंग्राहक लुचो आमेलियो यांनी चित्रकारांकडून भूकंपावर कलाकृती मागविल्या, तेव्हा अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराने ते वर्तमानपत्राचे पानच मोठे करून तीन फलकांवर उतरविले. या चित्रकाराचा मी भक्त नाही. त्याचे पुष्कळसे काम मला जाहिरातीचे वाटते. पण येथे त्याने देवाला मध्ये आणले नाही, आणि ज्यांनी त्वरा करावयाची होती ते आजही त्या पानापुढे उभे राहिले तर त्यांना मान खाली घालावी लागेल.

आमच्या कवितांपुढे कोणालाच मान खाली घालावी लागली नाही. भूकंपानंतर किल्लारी परिसरात बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे कशी बांधावीत, गल्ल्या किती रुंद असाव्यात, यावर पुष्कळ चर्चा झाली. ती अभियंत्यांनी केली, अधिकाऱ्यांनी केली. जुन्या वाड्यातले काय राखावे आणि काय टाकावे, हा प्रश्न अंशतः तरी साहित्याचा होता, कारण माळवद हे आपल्या कथा-कवितांतून मायेचे, उन्हाळी रात्रीच्या निजेचे, वाळवणाचे आणि गप्पांचे ठिकाण म्हणून आलेले आहे. तेच माळवद माणसे मारू शकते, हे सत्य पेलेल अशी एक ओळ त्या सभागृहात वाचली गेली असती तर तिचा उपयोग निधीहून कमी झाला नसता. ती लिहिली गेली नाही याचा दोष कवींना देताना मला संकोच वाटतो. त्यांना तीन दिवसांत कविता आणावयाची होती. पण ती लिहिली गेली नाही असे दुसऱ्या दिवशी सांगण्याचे काम माझे होते, आणि मी 'हृद्य' लिहून मोकळा झालो.

ते कात्रण माझ्याजवळ आहे. आज ते पुन्हा लिहावयाचे झाले तर असे लिहीन: गायन उत्तम, दुसऱ्या गायिकेचा आवाज बसला होता, तरी तिने बंदिश सांभाळली. एकांकिकेचा उत्तरार्ध सैल, आणि भूकंपाचा संवाद तिच्यात ऐनवेळी घातल्याने मूळ विनोदही गेला. कविता अकरा झाल्या. त्यांपैकी नऊ धरणीच्या कोपावर होत्या, एक मदतकर्त्यांच्या स्तुतीची, एक विसर्जनाच्या रात्रीची. ही शेवटची साधी आणि म्हणून चांगली. माळवदावर एकही नव्हती. निधीचा आकडा व्यवस्थापकांनी व्यासपीठावरून सांगितला. तो कोणत्या गावी आणि कशासाठी खर्च होणार हे सांगितले नाही, ते पुढील अंकी विचारून कळवू.